पलीकडच्या धक्क्यापर्यंत

"चमचा ठेवा बाजूला. शिंपला हातात धरायचा आणि चोखायचा. भात मधूनमधून," जयवंतीकाकी म्हणाल्या आणि माझ्या ताटात तिसऱ्यांच्या शिंपल्यांची आणखी एक पळी पडली.

मी शिंपला उचलला. आतलं मांस बोटाच्या नखाएवढं, पण त्याला लागलेलं वाटण असं झणझणीत, खोबऱ्याचं, की मी पुढचा उचलला, मग त्याच्या पुढचा. पडवीत तीन बाकडी होती. एकावर मी, एकावर हायस्कूलचे दोन शिक्षक आणि दाराजवळच्या बाकड्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे पास्कल मेस्त्री. पडवीतून खाली खाडी दिसत होती आणि खाडीपलीकडे शिरगणीची कौलं.

"एकट्याच फिरता?" मेस्त्रींनी विचारलं.

"एकटीच."

"घरचे कोण नाय सोबत?"

"घरी आता कोणी नाही."

काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता भात वाढला.

मी रिसोडची. तिथे माझे शिवणाचे क्लास होते. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून आमच्या घरात तेल-तिखट बंद झालं आणि मीठ नावाला उरलं. कण्या, मऊ भात, उकडलेला भोपळा. त्यांच्यासमोर बसून आपण वेगळं काहीतरी खावं हे मला जमलं नाही, म्हणून मीही तेच खात गेले. अशी बरीच वर्षं गेली. वडील गेल्यावर तेराव्याला आचाऱ्याने केलेलं मिरचीचं भजं मी तोंडात घातलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांना वाटलं मी वडिलांसाठी रडतेय. थोडं तेही असेल. पण जिभेवर चव आली होती, हे खरं कारण होतं.

अकोल्याचा भाऊ अरविंद म्हणाला, आता घर बंद कर आणि आमच्याकडे ये. मी म्हटलं, येईन, पण आधी समुद्र बघते. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. एक पिशवी घेतली आणि एसटीने हर्णैपासून खाली निघाले. ज्या गावात उतरायचं तिथे एकच विचारायचं, तुमच्याकडे काय करतात? कुठे तांदळाच्या भाकरीबरोबर बांगडा मिळाला, कुठे कुळथाची पिठी, कुठे नारळाच्या गोड रसात भिजवलेल्या तांदळाच्या शेवया, शिरवळ्या. माणसं आधी संशयाने बघायची, मग वाढायची. आदल्या गावात कोळंबी खाल्ली तेव्हा ओठ जरा चुरचुरले होते. मला वाटलं, सवय नाही तिखटाची.

इथे खारेबंदरला उतरताना एसटीच्या कंडक्टरनेच सांगितलं होतं, जेवायचं तर जयवंती खवणेकरांकडे. राहायलाही एक खोली देतात.

तर मी जेवत होते. आधी तळहात खाजले. मग कान गरम झाले. ओठ जड झाल्यासारखे वाटले आणि मी पाण्याचा तांब्या उचलायला गेले तर घोट खाली उतरेना. गळ्यात कोणीतरी आतून मूठ आवळावी तसं झालं. मी काकींना हाक मारली, पण आवाज निघाला नाही.

"मेस्त्री," काकी म्हणाल्या, "हिच्या तोंडाक बघा काय झाला."

माझ्याशी त्या जपून, पुस्तकातलं वाटावं असं मराठी बोलत होत्या. घाई झाली तशी त्यांची मालवणी बाहेर आली. पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मेस्त्री खाली धावले आणि त्यांनी होडीवाल्या बाबल तारीला हाका मारल्या. शिक्षक म्हणत होते, रिक्षा बोलवा, आणि मेस्त्री म्हणाले, पुलावरून वळसा घालून शिरगणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ही राहायची नाही. मग मला दोघातिघांनी उचललं. धक्क्याच्या पायऱ्या. होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज.

मला होडीत मेस्त्रींच्या छातीला टेकवून बसवलं होतं. समोर, माझ्या गुडघ्यांना गुडघे लावून, जयवंतीकाकी बसल्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. होडी हलली तशी त्यांची पकड इतकी आवळली की बोटं दुखली.

"पाण्याकडे बघू नको," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ. माझ्या डोळ्यांत बघ गो बाय."

मी बघितलं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"डोळे मिटू नको. बोलत रव. तुझ्या बापाक काय करून घालायचंस?"

वडिलांच्या आजारपणाचं मी त्यांना सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं. मला बोलवत नव्हतं. मी मान हलवली.

"नाय नाय. सांग. काय घालायचंस?"

"कण्या," मी म्हटलं.

"कसल्या?"

"ज्वारीच्या."

"आमच्याकडे ज्वारी नाय. माका म्हायत नाय कशे करतत ते. सांग."

"भरडायची..."

"मग?"

"पाण्यात... शिजवायची."

"मीठ?"

"नाही."

"मीठ नाय? मग खातलो कसो तो?"

असं ती बाई मला विचारत राहिली. ताक कधी घालायचं, भांडं कुठलं, वडील चमच्याने खायचे की मी भरवायचे. एकेका शब्दासाठी मी तळातून हवा ओढत होते. तिने एकदाही नजर हलवली नाही. लाटेचं पाणी उडून तिच्या तोंडावर आलं तरी तिने ते पुसलं नाही. मला वाटलं, किती निर्धाराची बाई आहे.

शिरगणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला बघितलं आणि काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. काही वेळाने गळ्यातली मूठ सुटू लागली. हवा आत आली. मला आजही ती पहिली पूर्ण श्वासभर हवा आठवते; तिला फिनाइलचा वास होता.

"शिंपल्यांचं वावडं आहे यांना," डॉक्टर म्हणाल्या. "कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, काही खायचं नाही यापुढे. मासा चालेल, पण नवीन काही खाताना जवळ दवाखाना आहे का बघा. होडीने आणलंत म्हणून मला काही करता आलं."

जयवंतीकाकी दारात उभ्या होत्या. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"माझ्या हातानं झालं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या हाताचा काय संबंध? त्याच तिसऱ्या बाकीच्यांनी खाल्ल्या ना? एकेकाच्या शरीराला सोसत नाहीत."

काकींनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं नव्हतं.

रात्रभर मला दवाखान्यात ठेवलं आणि काकी तिथेच बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा ठरवली. पुलावरून लांबचा वळसा होता.

"होडीने पटकन जाऊ की," मी म्हटलं.

"खाडीवर वारा असतो. तुला सोसायचा नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांची माया वाटली. मी रिक्षात बसले.

घरी आल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत झोपवलं आणि पेज करून आणली. पांढरी, मऊ, अळणी. मी ती प्यायले. संध्याकाळी पुन्हा पेज. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज. एवढे डोंगर उतरून मी समुद्राकाठी आले होते आणि पुन्हा वडिलांचंच जेवण जेवत होते. पण मला हसू आलं नाही, कारण बाहेरच्या पडवीतून भांड्यांचा आवाजच येत नव्हता.

दुपारी उठून बाहेर आले. बाकडी उलटी करून भिंतीला लावलेली होती. चूल थंड होती.

"आज जेवण नाही?"

"नाही."

"आणि उद्या?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणाला वाढायची छाती होत नाही माझी. एवढी वर्षं हाताला यश होतं. ते गेलं."

तेवढ्यात मेस्त्री आले. ते म्हणाले, काकींनी कालच सगळ्यांना सांगितलंय, दुसरीकडे सोय बघा. मास्तर लोक धक्क्यावरच्या टपरीत वडे खातायत. बाजारातल्या दोघीतिघींनी तिसऱ्या शिळ्या होत्या असंही उठवलं होतं. "मी त्यांना सांगितला, मी दोन वाट्या खाल्लंय, मी मेलंय काय?" मेस्त्री म्हणाले. "पण काकीच आयकत नाय."

त्या संध्याकाळी मी बूथवरून अरविंदला फोन केला. झालं ते सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, "मी उद्याच निघतो. तू तिथून हलू नकोस. बास झालं हे एकटीनं हिंडणं, ताई."

त्याचं बोलणं मायेचंच होतं. मला क्षणभर वाटलं, येऊ दे. मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. एक खोली, वेळेवर चहा, कोणी विचारणारं. मग मला ती थंड चूल आठवली. मी आता गेले असते तर खारेबंदरात एवढंच राहिलं असतं, की जयवंतीकडे जेवून एक बाई मरता मरता वाचली आणि तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

"तू येऊ नको," मी म्हटलं. "मला इथे एक काम आहे."

"तिथे कसलं काम?"

"जेवायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी धक्क्यावर गेले. होड्या लागल्या होत्या. टोपल्यांभोवती गर्दी होती आणि मला माशातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका बाईपुढे बांगडे रचलेले होते.

"कोणाकडे उतरलात?" तिने विचारलं.

"जयवंतीकाकींकडे. त्याच करणार आहेत हे."

आजूबाजूच्या दोघी बोलायच्या थांबल्या. मला ओळखलं होतं त्यांनी. "तुमीच त्या?" एक म्हणाली.

"मीच."

बांगडे घेऊन मी घरी आले आणि ते चुलीसमोर ठेवले.

"हे काय?" काकी म्हणाल्या.

"मला आज पेज नको. हे करून द्या."

"वेडी काय तू? डॉक्टरीण काय बोलली विसरलीस?"

"मासा चालेल म्हणाल्या. हर्णैला मी बांगडा खाल्लाय, काही झालं नव्हतं."

"मग हर्णैला जा आणि खा. माझ्या हातचा नको."

"मला तुमच्याच हातचा पाहिजे."

त्या खाली बसल्या. पाय पसरून, भिंतीला टेकून, तोंड फिरवून. मग त्यांची नजर हळूच बांगड्यांवर गेली. त्यांनी एक उचलला, त्याचे कल्ले उघडून बघितले आणि नाकाशी नेला.

"कोणी दिले हे?"

"टोकाला बसते ती, हिरव्या लुगड्याची."

"परवाचे आहेत. बर्फातले. डोळे बघ त्याचे." त्या उठल्या, बांगडे पिशवीत कोंबले, पदर खोचला. "अनोळखी बाई बघून काय पण गळ्यात मारतात. थांब तू हयसर."

धक्क्याच्या वरच्या पायरीवरून त्यांचा आवाज चढलेला मला पडवीत ऐकू आला. परत आल्या तेव्हा पिशवीत चकचकीत, ताठ बांगडे होते. चूल पेटली. मी खोबरं किसायला घेतलं. त्यांनी पाट्यावर वाटण वाटलं, तिरफळं ठेचली, आणि त्या वासाने माझी भूक आणि भीती दोन्ही एकदम जागी झाली.

खरं सांगायचं तर मी फार घाबरले होते. बांगडा मला चालतो हे ठाऊक होतं, पण गळ्याला ते ठाऊक नव्हतं. मी एक बाकडं सरळ केलं आणि पडवीच्या अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल असं मांडलं. काकींनी ताट आणलं. ठेवताना रस्सा ताटाच्या काठावर सांडला. त्या माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या, मेस्त्री दाराशी येऊन उभे राहिले. खाली धक्क्याला बाबल होडी लावून बसला होता. इंजिन हळू धडधडत होतं.

"बाबल कुठे चाललाय?" मी विचारलं.

"खंय नाय. मीच बसवलंय," काकी म्हणाल्या. "काय झाला तर लगेच निघाक बरा. तू खा."

मी भात कालवला. पहिला घास तोंडात ठेवला आणि नुसताच धरून ठेवला. मग गिळला. आम्ही तिघंही माझ्या गळ्याकडे बघत होतो, मी आतून आणि ती दोघं बाहेरून. रस्त्यावर एक शिक्षक सायकल थांबवून उभे राहिले होते.

काही झालं नाही. मी दुसरा घास घेतला. आंबट, तिखट, जीभ किंचित बधिर करणारं ते तिरफळ. तिसरा घास घेताना मला लक्षात आलं की मी आता भीतीने नाही, चवीने खातेय.

"कसा झालाय?" काकींनी विचारलं.

"मीठ जरा कमी आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. पेजेची सवय लागली होती त्यांच्या हाताला.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. उठून मीठ आणलं त्यांनी.

पास्कल मेस्त्रींनी भिंतीला लावलेलं दुसरं बाकडं सरळ करून मांडलं. "माझा पान वाढा, काकी," ते म्हणाले. "दोन दिस वडे खाऊन प्वाट बिघडला." सायकल भिंतीला लावून मास्तरही आत आले.

मी आणखी दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. पुढची एसटी शिरगणीहून होती. काकींनी खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या आणि अंगणातूनच निरोप दिला.

"धक्क्यापर्यंत येत नाही मी," त्या म्हणाल्या. "जप हां. शिंपल्याकडे बघू पण नको."

मी त्यांच्या पाया पडले आणि उतरले. बाबलच्या होडीत मी एकटीच होते. त्या दिवशी ज्या खाडीत मला काही दिसलं नव्हतं ती आता हिरवी, शांत, उन्हात पडलेली होती.

"बाबल," मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू? त्या दिवशी तुम्ही आणि काकी नसता तर..."

"माझा काय. माझा कामच ता," तो म्हणाला. तो इंजिनाकडे बघत होता. "पण काकी बसली त्याचा माका अजून खरा वाटणा नाय."

"म्हणजे?"

"दिगू गेल्यापासना काकी होडयेत बसाक नाय. धक्क्यावर पण उतरणा नाय कधी. मासळी घेवक सुद्धा वरच्या पायरीवरसून हाका मारता."

दिगू कोण, हे मी विचारलं. दिगंबर, काकींचा एकुलता एक मुलगा. याच खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाबलही त्या होडीत होता. तो पोहून आला. काकी तेव्हा धक्क्यावर उभ्या होत्या आणि त्यांना सगळं दिसलं होतं. त्यानंतर माहेरी भाऊ वारला तेव्हाही त्या होडीत बसल्या नाहीत, पुलावरून गेल्या आणि अंत्यदर्शन चुकलं.

"मी त्या दिवशी म्हटलंय, काकी, तुमी रवा, मी आणि मेस्त्री नेतो. तर म्हणाली, तिचा हय कोण आसा? मी नाय इलंय तर ती कोणाकडे बघतली? आणि बसली."

पाण्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ, असं ती कोणाला सांगत होती ते मला आत्ता कळलं. माझी बोटं दुखेपर्यंत ती मला धरून बसली होती आणि मला वाटत होतं की तिने मला धरलंय. आम्ही दोघींनी एकमेकींना धरलं होतं. ज्वारीच्या कण्यांचं ते सगळं विचारणं दोघींसाठी होतं.

होडी अर्ध्यावर आली होती.

"बाबल, परत फिरवा," मी म्हटलं.

"एसटी चुकतली तुमची."

"चुकू दे."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि होडी वळवली.

मी पायऱ्या चढून वर गेले तेव्हा काकी पडवीत भांडी लावत होत्या. "काय विसरलीस?" त्यांनी विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाबल्यान सांगल्यान तुका," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याच्या तोंडात तीळ भिजत नाय."

"काकी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं त्यात?" त्या बाकड्यावर बसल्या. "मला पाणी दिसलंच नाही त्या दिवशी. तुझं तोंड दिसत होतं. निळं पडलेलं. म्हटलं, पुन्हा हीच खाडी. मी नुसतं काठावर उभं राहून परत बघायचं? नाही. एवढंच डोक्यात होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी तो राहू दिला. पास्कल मेस्त्री जेवायला आले, आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच आत जाऊन भात वाढून घेतला.

दुपारची एसटी होती. मी उठले, पिशवी उचलली. काकीही उठल्या. मला वाटलं, अंगणापर्यंत येतील. त्या अंगणात थांबल्या नाहीत. वरच्या पायरीवरही थांबल्या नाहीत. एका हाताने माझा दंड धरून, पायाखाली बघत, एकेक पायरी उतरत त्या धक्क्यावर आल्या. जाळी विणणारे लोक उठून उभे राहिले. बाबलने मान खाली घातली.

"बस," त्या मला म्हणाल्या. "मी आहे हयसर."

होडी सुटली. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. पदर डोक्यावरून घेऊन, पाण्याकडे सरळ बघत त्या उभ्या होत्या, आणि पलीकडच्या धक्क्याला पाय ठेवून मी वळून बघितलं तेव्हाही तिथेच होत्या.